सत्तावन्नावं पान

ता. १२ फेब्रुवारी

प्रिय मुंगूस,

सप्रेम आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक आहोत, तूही ठीक असणार. असणार म्हणजे आहेसच. तुझी वहिनी दर रविवारी तुझ्याशी तासभर फोनवर बोलते, तेव्हा मी बाहेरच्या खोलीत असतो आणि मला ऐकू येतं. नकाशा कचेरीत तुला वरची जागा मिळाल्याचं असंच कळलं. अभिनंदन. पण चौदा वर्षांनी बहिणीला केवळ अभिनंदनासाठी पत्र लिहिलं असं समजू नकोस. एक काम आहे.

आधी इकडचं सांगतो. दुकान मी मागच्या वर्षी बंद केलं. हल्लीचे काटे बॅटरीवर चालतात आणि बिघडले की लोक टाकून देतात. तराजूच्या दांडीची धार घासून सरळ करणारा माणूस कुणाला लागत नाही. पितळी पारडी फडक्यांत गुंडाळून माळ्यावर ठेवली, एक टपालाचा काटा तेवढा लिहायच्या टेबलावर आहे. अजून अर्ध्या ग्रॅमला हलतो. तुझ्या वहिनीचा गुडघा दुखतो, माझा डावा घोटा थंडीत दुखतो. म्हातारपणाची सुरुवात खालून होते असं दिसतं.

बाकी माझं चाललंय. गेल्या महिन्यात एका प्राध्यापकांच्या लेखात अकरा चुका काढून त्यांना पाठवल्या. साळिंदर काटे फेकून मारतं असं लिहिलं होतं गृहस्थांनी. उत्तर आलं नाही. येत नाहीच. नववीत शाळा सोडलेल्या माणसाला उत्तर लिहायचं तर आधी त्याचं बरोबर आहे हे कबूल करावं लागतं.

आता काम. आपल्या, म्हणजे माझ्या, रानाच्या जाड्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघते आहे. तरसाचं सातवं प्रकरण आणि बाणांचं नववं, ही दोन अजून लोकांच्या तोंडी आहेत. नववं तर शाळेच्या वाचनमालेत घेतलंय. तुला आठवत असेल, त्या रानातल्या लोकांचा तो रिवाज: शिकार बाण सोडणाऱ्याची नाही, बाण घडवणाऱ्याची. मांसाचं वाटप तो करतो, आणि ज्यानं दिवसभर धावून जनावर पाडलं तो गुपचूप रांगेत बसून आपल्या वाट्याची वाट बघतो. म्हणून जो तो मुद्दाम दुसऱ्याचे बाण भात्यात घेऊन निघतो, म्हणजे कुणाच्या डोक्यात हवा जायला नको. आणि तो आपला लंगडा म्हातारा, ज्याला शंभर पावलं धड धावता येत नव्हतं, तो बाण उत्तम घडवायचा म्हणून निम्म्या वेळा वाटपाला बसायचा. या एका गोष्टीवर मी नऊ पानं लिहिली आहेत आणि त्यातला एक शब्द बदलावासा वाटत नाही.

सातव्यात मात्र एक किरकोळ खुलासा घालायचा आहे. त्यासाठी तुझी ती हिरवी वही लागेल. तुझ्याकडेच असेल, तू काही टाकत नाहीस. टपालानं पाठव, काम झालं की नोंदणी करून परत करतो. छपाई वीस मार्चला सुरू होते.

'मुंगूस' हे लहानपणचं नाव लिहिताना तुला आवडेल की नाही कळेना. पण तुझं खरं नाव लिहून बघितलं तर पत्र दुसऱ्याच कुणाला चाललंय असं वाटायला लागलं.

कळावे.

तुझा
दादा


ता. २४ फेब्रुवारी

प्रिय मुंगूस,

तुझं कार्ड मिळालं. चौदा वर्षांतलं पहिलं, आणि त्यात सहा शब्द. 'वही आहे. तुला कशाला हवी, दादा?' सहावा शब्द मी दोनदा वाचला. अक्षर तसंच आहे, नकाशावरच्या गावांच्या नावांसारखं सरळ.

कशाला हवी ते सांगतो.

जानेवारीत एका बाईंचं पत्र आलं. वय असेल तिशीचं. विद्यापीठात शिकलेल्या, पण पत्र चांगलं आहे, एकही चूक सापडली नाही. लिहितात की शाळेत असताना माझं सातवं प्रकरण वाचून त्या रडल्या होत्या. तरसाची ती एकटी आई, डावा कान फाटलेली, चार पिल्लांसाठी एकोणीस दिवस एकटीनं खाणं ओढून आणणारी. ते वाचून त्यांनी ठरवलं की मोठेपणी हेच करायचं. आता पाच वर्षं त्या तरसांमागे फिरताहेत. सहा बिळांवर बसल्या. त्यांतल्या चार ठिकाणी त्यांना असं दिसलं की आई एकटी नसते. आदल्या वेताची थोरली मुलगी घर सोडून गेलेली नसते, ती धाकट्या भावंडांना खाणं आणून घालते. आईला वाटून घ्यायला कुणीतरी असतं.

मग विचारतात: 'आपल्या पुस्तकात एकशे बाराव्या पानावर मादीचा डावा कान फाटका आहे. एकशे अठराव्या पानावरच्या चित्रात दोन्ही कान शाबूत आहेत. चित्र इतकं काटेकोर आहे की ही चूक असेल असं वाटत नाही. आपण त्या वेळी दुसरी मादी पाहिली होती का? तसं असेल तर आमच्या माहितीतली ती पहिली नोंद ठरेल, आमच्याआधी दहा वर्षांची.'

मी भिंग घेऊन तुझं ते चित्र बघितलं. शाबूत आहेत.

इतकी वर्षं मी लोकांच्या चुका काढतो आणि माझ्याच पुस्तकात हा कान हजारो प्रतींत उघड्यावर उभा होता. प्रकाशकांना दाखवलं तर ते खूश झाले. "अहो, मग लिहा की, पाहिली होती म्हणून. प्रस्तावनेत दोन पानं द्या. पहिली नोंद म्हणजे काय चेष्टा आहे?" मी म्हणालो, पुरावा लागेल, तारखेनिशी. तेव्हा मला हिरवी वही आठवली.

तुझ्या वहिनीला हे सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तरीच. त्या पुस्तकात तुम्ही एकटे, तरसही एकटं. मी तेव्हाच म्हटलं, एवढ्या मोठ्या रानात दुसरं कुणीच कसं नाही." मी म्हणालो, तुला त्यातलं काही कळत नाही. ती म्हणाली, "तरसातलं नाही कळत."

बाईंना उत्तर लिहून ठेवलंय. 'होय, दुसरी मादी पाहिली होती, तिची नोंद तारखेसह उपलब्ध आहे.' यात खोटं काय आहे? पाहिलीच होती. कोणी पाहिली ते त्यांनी विचारलेलं नाही. विचारलं असतं तर वेगळा विचार केला असता. आणि तू हेही लक्षात घे की ती वाट मी शोधली, त्या लोकांशी ओळख मी काढली, त्यांची बोली मी दोन वर्षं शिकत होतो. तुला मी नेलं म्हणून तू गेलीस. तीन महिन्यांची रजा टाकून आलीस हे खरं, पण आलीस चित्रं काढायला. त्या नोंदीचं तू करणार काय? तू नकाशे काढतेस.

हे वाक्य लिहून मी उठलो, अंगणात दोन फेऱ्या मारल्या. खोडून टाकावंसं वाटलं, पण आपल्या पत्रात खाडाखोड नसते, म्हणून राहू देतो.

वही पाठव. घोट्याचा विषय कुणाकडे काढू नकोस.

तुझा
दादा


ता. ९ मार्च

प्रिय मुंगूस,

वही आली. सोबत चिठ्ठी शोधली, पाकीट उलटं करून झटकलं. नव्हती. मग सत्तावन्नावं पान उघडलं.

त्या पानावर तुझ्या अक्षरात आहे: 'सकाळी पावणेसहा. आज दुसरी आली. हिचे दोन्ही कान शाबूत. अंगानं थोडी लहान. तोंडात हरणाचा पाय. पिल्लं घाबरली नाहीत, ओळखीची असावी. फाटक्या कानाची बिळाशीच पडून होती, उठली नाही.' त्याखाली समासात माझी पेन्सिल आहे: 'नीट पाहा.' आणि सबंध नोंदीवर एक तिरकी रेघ, तीही माझीच.

माझ्या 'नीट पाहा'च्या खाली तू आता शाईनं एक शब्द लिहिलास. 'पाहिलंय.'

शाई नवी आहे. वही पाठवायच्या दिवशी लिहिला असशील. मी ते पान उघडं ठेवून दुपारभर बसलो. तुझी वहिनी जेवायला बोलवायला आली, पान बघितलं, आणि काही न बोलता ताट इथं टेबलावर आणून ठेवलं. तिच्या हिशोबात ही मोठी सभ्यता आहे.

आता मी सगळं लिहितो. तुला माहीत आहे ते सगळं, पण मी लिहिलेलं तू कधी वाचलेलं नाहीस.

रानात पोचल्यावर चौथ्या दिवशी माझा पाय साळिंदराच्या बिळात गेला. साळिंदर काटे फेकत नाही हे जगाला सांगणाऱ्या माणसाला त्याचं बीळ दिसलं नाही. दोघांनी खांद्यावर टाकून मला वस्तीवर आणलं. पुढचे एकोणीस दिवस मी झोपडीत पाय उशीवर ठेवून पडून होतो. पुस्तकात लिहिलंय, 'एकोणीस सकाळी मी त्या खडकामागे पडून राहिलो.' पडून होतो एवढं खरं, जागा वेगळी होती. खडकामागे तू होतीस आणि तुझ्याबरोबर तो लंगडा म्हातारा. अंधार असताना निघायचात, ऊन चढल्यावर यायचात. तुझ्या कोपरांना खडकाचे खरचटे असायचे. तू वही माझ्या उशाशी ठेवायचीस आणि झोपायला जायचीस. मी ती वाचायचो आणि पेन्सिलीनं तपासायचो.

तपासायचो. न पाहिलेल्या माणसानं पाहिलेल्याचं.

सत्तावन्नावं पान वाचलं तेव्हा मला वाटलं, अंधूक उजेडात हिला कानाची फट दिसली नसणार. त्या दिवशी म्हाताराही माझ्याजवळ येऊन बसला. दोन बोटं दाखवली. मी मान डोलावली. मला वाटलं, दोन पिल्लं बाहेर आली असं सांगतोय. तर त्यानं नाही म्हणून मला चक्क उठवलं, काठी दिली, ओढ्यापर्यंत नेलं आणि चिखलातले ठसे दाखवले. एक इथला, एक तिथला. माझ्या खिशात दुकानातला मोजायचा कॅलिपर होता. दोन्ही ठसे मोजले. चार मिलिमीटरचा फरक आला. म्हातारा हसला, त्याला वाटलं आता हा समजला. मी माझ्या वहीत लिहिलं: 'एकच मादी. एक ठसा ओल्या मातीत, एक सुकलेल्या, म्हणून फरक.'

मुंगूस, मी तीस वर्षं तराजू दुरुस्त केले. चार मिलिमीटर मला कधी खपले नाहीत. दांडीवर केसाएवढी चूक असली तरी काटा परत खोलायचो, गिऱ्हाईक ओरडत असायचं तरी. तिथं चार मिलिमीटर खपवले.

का, ते मी स्वतःला आजवर असं सांगितलं की एकट्या आईची गोष्ट जास्त चांगली होत होती. तेही खोटं नाही. पण खरं कारण त्यामागे आहे. दुसरी मादी मी पुस्तकात ठेवली असती तर कुणीतरी विचारलंच असतं: कशी होती, कुठून आली, कशी चालत होती? एकीबद्दल मला तुझ्या वहीतून सगळं पाठ झालं होतं. दुसरी फक्त तीनदा आली. तिच्याबद्दल कुणी खोदून विचारलं असतं तर मी बघितलेलं नाही हे एका मिनिटात उघडं पडलं असतं. म्हणून मी तिला काढून टाकलं. आणि एक गेली की दुसरीला काढणं सोपं जातं. सातव्या प्रकरणात मी तुलाही काढून टाकलं. प्रस्तावनेच्या शेवटी तुझ्याबद्दल एक ओळ आहे. ती मी आज पुन्हा वाचली: 'पेन्सिलींना टोक काढून देण्यापासून सर्व मदत करणारी माझी धाकटी बहीण.'

तू दुकानात आलीस तो दिवस मी कुणाला सांगितलेला नाही, तुझ्या वहिनीलाही नाही. पुस्तक येऊन आठवडा झाला होता. दोन गिऱ्हाइकं समोर होती. तू पुस्तक टपालाच्या काट्यावर ठेवलंस, वजनं लावलीस, काटा स्थिर होईपर्यंत थांबलीस, माझ्याकडूनच शिकली होतीस ते. मग म्हणालीस, "पाचशे ऐंशी ग्रॅम. दादा, यातलं माझं किती?"

तू हसत होतीस. भांडायला आली नव्हतीस. त्या वेळी मी काहीही म्हणालो असतो तरी चाललं असतं. 'निम्मं' म्हणालो असतो, 'चल चहा पिऊ' म्हणालो असतो, नुसता कान धरला असता. मी गिऱ्हाइकांकडे बघून म्हणालो, "पेन्सिलींचं वजन काढ, तेवढं तुझं."

ती दोघं हसली. तू पुस्तक उचललंस आणि जाताना म्हणालीस, "नववं प्रकरण छान झालंय. सातवं परत वाच." चौदा वर्षं मी असं धरून चाललो की तुझ्या बोलण्याचा अर्थ मला कळला नाही. त्याच दिवशी कळला होता. बाण घडवणाऱ्यावर नऊ पानं लिहिणाऱ्याला तेवढं कळतं.

परवा, म्हणजे सात तारखेला, बाईंना उत्तर पाठवलं. आधी लिहिलेलं फाडलं. नवं चार ओळींचं आहे, त्याची नक्कल सोबत आहे. 'दुसरी मादी मी पाहिलेली नाही. पहिलीही पाहिलेली नाही. माझ्या बहिणीनं पाहिली, एकोणीस सकाळी, तारखा तिच्या वहीत आहेत. मी तिची नोंद चुकीची म्हणून खोडली होती. नोंद बरोबर आहे.' खाली तुझं नाव आणि पत्ता दिला. तुला न विचारता दिला, कारण विचारलं असतं तर तुझं उत्तर येईपर्यंत माझा विचार बदलला असता. मला मी ओळखतो. पत्र पेटीत टाकल्यावर पाच मिनिटं तिथंच उभा होतो. पेटीच्या फटीत हात जातो का हेही बघितलं. जात नाही.

प्रकाशकांनाही फोन केला. ते म्हणाले, "लोकांना काय सांगायचं? चौदा वर्षं लोक तुम्हांला खडकामागे पडलेलं बघताहेत." मी म्हणालो, त्यांना सांगा, झोपडीत पडला होता. ते म्हणाले, "तुमची छी थू होईल हो." होईल. अकरा चुकांवाले ते प्राध्यापक पहिले लिहितील. त्यांना या वेळी मी उत्तर देईन, कारण त्यांचं बरोबर असेल.

सोबत सातव्या प्रकरणाची प्रूफं आहेत. त्यात 'मी' चौसष्ट वेळा होता. मोजून सगळे खोडले. आपल्या कागदांत खाडाखोड नसते, पण ही राहू दे. पुढे जागा कोऱ्या ठेवल्यात. तिथं काय यावं ते मी ठरवणार नाही. तुझं नाव घाल, 'मी' घालून ते प्रकरण तूच तुझ्या शब्दांत लिही, किंवा सगळंच्या सगळं काढून घे, पुस्तक बारा प्रकरणांचं होईल. दुसरी मादी कुठं, कशी आणायची तेही तुझ्याकडे. मी फक्त एक केलंय. पेन्सिलींची ती ओळ कापली आहे आणि तिच्या जागी दुसरी लिहिलेली नाही. चार वेळा लिहून बघितली, चारही वेळा त्यात माझाच मोठेपणा निघाला.

वीस तारीख जवळ आली आहे हे खरं, पण प्रकाशक थांबतील. नाही थांबले तर पुस्तक थांबेल.

तुझी वही परत पाठवतो आहे, कबूल केल्याप्रमाणे नोंदणी करून. सत्तावन्नाव्या पानावरची माझी तिरकी रेघ खोडरबरानं पुसायला घेतली होती. अर्धी पुसली, मग थांबलो. पुसली तर कुणाला कळणार नाही की ती होती. उरलेली राहू दे. तुझा शब्द तिच्याखाली आहेच.

एक आठवतं तुला? शिकार घेऊन वस्तीवर आलं की ते लोक कधी कौतुक करायचे नाहीत. नाकं मुरडायचे. "एवढंसंच? नुसती हाडं दिसताहेत. यासाठी आम्हांला बोलावलंस?" आणि आणणारा म्हणायचा, "हो ना, काहीच मिळालं नाही." तू पहिल्या दिवशी ते ऐकून मला विचारलं होतंस, "दादा, भांडताहेत का हे?" तेव्हा मी मोठ्या ऐटीत तुला समजावून सांगितलं होतं की असं म्हणणं म्हणजेच तिथलं आदरातिथ्य. तुला काही लिहावंसं वाटलं तर तसंच लिही. मला समजेल.

प्रूफांचं वजन टपालासाठी काढलं. एकशे दहा ग्रॅम. सगळं तुझं. बाण तुझा होता, वाटप तू कर.

रांगेत बसलेला
तुझा
दादा